चार नावं खोडायचा हक्क: दोन तालमींच्या समर्थकांच्या सामन्याचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या दोन तालमींच्या समर्थकांचं आहे, खेळाडूंचं नाही. तालमींची नावं मुद्दाम देत नाही. कोल्हापूरकर वाचकाला ओळखायचा मोह होणार, पण यातल्या काही पोरांच्या केसेस अजून कोर्टात आहेत, तेव्हा तो मोह आवरावा ही विनंती. सांगायच्या सोयीसाठी एकीला वरची तालीम म्हणतो, दुसरीला खालची.

बाहेरगावच्या वाचकासाठी थोडं आधीचं. कोल्हापुरात फुटबॉल पेठेतून आणि तालमीतून वाढला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, गल्लोगल्ली तालमी बळकट झाल्या, आणि पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉलही धरला. म्हणून संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. त्यांच्या बरोबरीनं शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संध्यामठ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये १६ संघ. थंडीत हंगाम सुरू होतो, लीगच्या मागोमाग एकेक चषक लागतो, आणि शाहू स्टेडियम उन्हाळ्यापर्यंत गाजत राहतं. इथं संघ निवडायचा नसतो. ज्या गल्लीत जन्म, त्या गल्लीचा संघ. घर विकून उपनगरात राहायला गेलेला माणूससुद्धा सामन्याला येऊन जुन्या पेठेच्याच पोरांत बसतो.

ही ईर्षा मी वाईट मानत नाही. स्थानिक पोरांचा खेळ बघायला भर उन्हात एवढी माणसं जमतात, पराभवानंतर पेठेत चूल पेटत नाही असं म्हणण्यापर्यंत मनाला लावून घेतात, हे ईर्षेशिवाय होत नाही. प्रश्न ईर्षेचा नव्हता. ती गॅलरीतून उतरून रस्त्यावर कशी आली, याचा होता.

टायब्रेकरची संध्याकाळ

एका चषकाचा बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी किकांवर निकाल, लागला. वरच्या तालमीची शेवटची किक खालच्या तालमीच्या गोलकीपरनं अडवली. वरच्या तालमीची गॅलरी एका आवाजात ओरडली की गोलकीपर आधीच पुढं आला होता. नियम असा आहे की किक बसण्याच्या क्षणी गोलकीपरच्या एका पायाचा निदान काही भाग तरी गोलरेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा रेषेच्या मागं असला पाहिजे. पंच आणि लाइन्समन दोघांनाही काही गैर दिसलं नाही. मी त्या सामन्याला होतो, पण माझ्या जागेवरून मला सांगता येणार नाही, आणि गॅलरीतल्या कुणालाच सांगता येणार नव्हतं. रेषेच्या अगदी सरळीत उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही.

जिंकलेल्यांची हलगी नेहमीप्रमाणे मैदानाला फेरी मारायला निघाली आणि हरलेल्यांच्या गॅलरीसमोर रेंगाळली. तिथं थांबायची गरज नव्हती. आधी पाण्याच्या बाटल्या आल्या, मग चपला. गेटच्या बाहेर दगड. पार्किंगमधल्या मोटारसायकली पडल्या, एकाच्या कपाळाला टाके पडले. रात्री मोबाईलच्या स्टेटसवर जे सुरू झालं ते दगडांपेक्षा वाईट होतं, कारण त्यात आया-बहिणी आल्या.

गुन्हे दाखल झाले. भारतीय न्याय संहितेत बेकायदा जमावाचं कलम १८९, दंग्याचं १९१. ज्यांची वयं १८ च्या आत होती, त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं. बाकीच्यांत एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करणारा होता. पहाटे उठून पळायचा, गोळाफेक चांगली होती. आता चारित्र्य पडताळणीचा कागद आला की त्यावर हा गुन्हा दिसणार. त्यानं दगड मारला नाही असं त्याची आई सांगते. मारला का नाही ते कोर्ट ठरवेल, पण भरतीची तारीख कोर्टासाठी थांबत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पोलीस आणि सैन्यात जायची आस असलेली किती घरं आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका कागदाचं वजन वेगळं सांगायला नको.

दोन म्हातारे आणि एक सोपा पर्याय

वरच्या तालमीचे वस्ताद आणि खालच्या तालमीचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात, हे दोघं तरुणपणी एकमेकांविरुद्ध खेळलेले. त्यांनीच पोरांना एकत्र बसवलं. पहिल्या बैठकीत सरांनी कोलकात्याची गोष्ट काढली. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात गॅलरीत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसं गेली. घरातून फुटबॉल बघायला निघालेली माणसं. आजही तिथं तो दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून रक्तदान करून पाळतात. त्याच कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये या दोन संघांचा सामना रद्द झाला, तेव्हा डॉक्टर तरुणीवरच्या अत्याचाराचा निषेध करायला दोन्हीकडचे समर्थक झेंडे घेऊन सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले. सर म्हणाले, "तिथल्यांनी माणसं घालवून शिकलं. आपल्याला तेवढी किंमत मोजायची हाय का?"

समर्थकांचाच सामना घ्यायचा, ही कल्पना तिथं पुढं आली. जे ओरडतात त्यांनीच खेळायचं. मग एका पोरानं सोपा पर्याय सुचवला: पेठेवर नको, ब्राझील-अर्जेंटिनावर घेऊ. वर्ल्डकप आला की कोल्हापुरात हे दोन पक्ष पडतातच. चौकाचौकांत झेंडे लागतात, डिजिटल फलकांची चढाओढ होते. २०१४ मध्ये ब्राझील जर्मनीकडून ७–१ नं हरला त्यावरून अर्जेंटिनावाले अजून डिवचतात, आणि १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिनानं फ्रान्सला टायब्रेकरवर हरवलं त्या रात्री त्यांच्या गल्ल्या झोपल्या नव्हत्या. शिवाय या वाटणीत पेठा फुटतात. वरच्या तालमीतले निम्मे आणि खालच्या तालमीतले निम्मे एका बाजूला येतात. ऐकायला पटण्यासारखं होतं, बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

वस्तादांनी मोडता घातला. "ब्राझीलच्या पोरानं अर्जेंटिनाच्या पोराचं टाळकं फोडलंय का आपल्यात? भांडान पेठेचं हाय. ते पेठेच्याच नावानं मिटलं पायजे." मला हे त्या बैठकीतलं सगळ्यांत शहाणं वाक्य वाटतं. ब्राझीलचा शर्ट घालून दोघं एकत्र नाचले असते, फोटो चांगले आले असते, आणि पुढच्या हंगामात शाहू स्टेडियमवर तेच दोघं पुन्हा समोरासमोरच्या गॅलरीत उभे राहिले असते. एकमेकांच्या पेठेशी त्यांची गाठ पडलीच नसती.

पहिला प्रयत्न का मोडला

पहिल्या खेपेला दोन्हीकडच्या उत्साही कार्यकर्त्यांनी झटपट सामना ठरवला. निवडणुकीच्या तयारीत असलेल्या एका पुढाऱ्यानं चषक आणि रोख बक्षीस दिलं. चौकात डिजिटल लागला, त्यावर पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि दोन्ही तालमींची नावं खाली. पात्रतेचा नियम एका ओळीचा होता: चालू हंगामात केएसएकडं नोंदणी असलेला खेळाडू चालणार नाही.

बक्षीस आलं आणि पेठेची इज्जत आली. नियमातली भोकं दोन्हीकडच्यांना सारखीच दिसली. मागच्या हंगामापर्यंत लीग खेळून यंदा नोंदणी न केलेला एक स्ट्रायकर एका बाजूला उतरला. दुसऱ्या बाजूला विद्यापीठ स्तरावर खेळणारा एक आणि गडहिंग्लजहून आलेला कुणाचा तरी मावसभाऊ. गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड कोल्हापूरइतकंच जुनं आणि कडवं, तेव्हा तो मावसभाऊ बॉलला पाय लावताच काय आहे ते सगळ्यांनी ओळखलं. आयुष्यभर गॅलरीत बसलेली माणसं बाकावर राखीव म्हणून बसली. हाफ टाइमला ३–० झाले आणि एक संघ मैदान सोडून निघून गेला. मारामारी झाली नाही एवढंच. चषक पुढाऱ्याच्या गाडीत परत गेला.

अशा सामन्यांचं दुखणं सगळीकडं हेच असतं. हौशी संघ म्हटलं की कोण हौशी याचा निकाल लागत नाही, आणि समर्थक म्हणून कोण उतरतो त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. लीगच्या खेळाडूला ओळखपत्र असतं. गॅलरीत उभं राहणाऱ्याला कोण दाखला देणार?

याद्यांची अदलाबदल

दुसऱ्या खेपेला नियमांची वही सांभाळायला मला बोलावलं, कारण मी पंच म्हणून काम केलेलं होतं आणि दोन्ही पेठांपैकी कुठलीच माझी नाही. आम्ही बाहेरची उदाहरणंही बघितली. इटलीत १९९७ साली वंशद्वेषाविरुद्धचा विश्वचषक म्हणून एक स्पर्धा सुरू झाली. त्यात वेगवेगळ्या संघांचे कट्टर समर्थक आणि स्थलांतरितांचे संघ एकत्र खेळायचे. कल्पना सुंदर आहे, पण तिथं माणसं लांबलांबून येतात आणि आपापल्या गावाला परत जातात. आमच्याकडं खेळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तेच चेहरे समोर येणार. लपायला जागा नाही. पण याच गोष्टीतून सरांना उपाय सुचला.

उपाय असा: प्रत्येक तालमीनं २४ नावांची यादी करायची आणि सामन्याच्या आठवडाभर आधी ती समोरच्या तालमीच्या हातात द्यायची. समोरच्यांनी त्यातली चार नावं खोडायची. कारण सांगायचं बंधन नाही, अपील नाही, बदली नाव नाही. राहिलेल्या वीसांतून संघ.

हा एक नियम आला आणि पात्रतेची सगळी भांडणं एका बैठकीत संपली. कारण उघड आहे. वरच्या तालमीचा कोण खरोखर गॅलरीत उभा राहतो आणि कोण नुसता उन्हाळ्यात बूट घालून येतो, हे खालच्या तालमीच्या पोरांइतकं कुणालाच माहीत नाही. वर्षानुवर्षं समोरासमोर उभं राहून त्यांनी एकमेकांचा एकेक चेहरा पाठ केलाय. ओळखपत्रं तपासणाऱ्या दहा समित्यांना जे जमलं नसतं, ते त्या खुन्नसनं केलं. आणि चारच खोडता येतात म्हटल्यावर यादी करणाराही जपून करतो. खेळाडू घुसवला तर तो जाणार हे नक्की, आणि जागा वाया जाणार.

याद्या अदलाबदल झाल्या त्या संध्याकाळी मी तिथं होतो. दोन्ही गट तालमीच्या दोन खोल्यांत बसले होते, हातात पेन. मला वाटलं होतं की चारही नावं चांगल्या पायाची जाणार. वरच्या तालमीनं तीन तशीच खोडली. चौथं नाव होतं एका किराणा दुकानदाराचं. वजन भरपूर, दम नाही, त्याच्याकडून गोल होण्याची शक्यता शून्य. त्याचं नाव दोनदा गिरवून खोडलं होतं. वस्तादांनी विचारलं, तेव्हा एक पोरगा म्हणाला, "त्यो आमच्या आईवरनं वरडतो, वस्ताद. त्येला आमच्यासमोर नगं."

दुकानदाराला ते कळलं तेव्हा तो वरच्या तालमीत जाब विचारायला गेला. तिथं त्याला तेच तोंडावर सांगितलं. आपण गॅलरीत काय ओरडतो ते ज्याच्यावर ओरडतो त्याच्या तोंडून ऐकायची त्याच्यावर पहिल्यांदाच वेळ आली असावी. तो काही बोलला नाही, परत आला.

उलट बाजूचंही सांगतो. वरच्या तालमीच्या यादीत एक विंगर होता, कॉलेजच्या संघातून खेळलेला, डाव्या पायाचा, सगळ्यांना माहीत. खालच्या तालमीनं त्याला खोडलं नाही. मी सरांना खुणेनं विचारलं. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं, तेव्हा छातीएवढ्या पाण्यातून त्यांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढणाऱ्या पोरांत तो होता. सर एवढंच म्हणाले, "त्येचं नाव खोडायला हात कुणाचा उठंल?" सामन्यात त्यानं खालच्या तालमीवर दोन गोल केले. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

मैदानावर

मैदान तपोवनचं घेतलं, दोन्ही पेठांना सारखंच परकं. मे महिना, म्हणून सकाळी लवकर. नऊ-नऊ खेळाडू, २५ मिनिटांचे दोन हाफ, बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर. चषक नाही, बक्षीस नाही, डिजिटल नाही, पुढारी नाही. खर्च निम्मा-निम्मा: मैदान, बॉल, पाणी, रुग्णवाहिका. हलगीवाले दोघांत मिळून एकच, त्यांनी गोल कुणाचाही झाला तरी तेवढंच वाजवायचं. बरोबरी झाली तर बरोबरी, टायब्रेकर नाही. ज्यातून हे सगळं पेटलं तेच परत कशाला समोर आणायचं?

प्रत्येक संघात चाळिशीच्या पुढचे दोघं कायम मैदानात असले पाहिजेत, असा एक नियम होता. तो खेळाचा वेग कमी करायला केला होता, पण उपयोग भलताच झाला. शेजारी काका धापा टाकत पळत असताना पोराच्या तोंडून शिवी निघत नाही.

शिस्तीसाठी नियमपुस्तकातल्या दोन गोष्टी घेतल्या. एक म्हणजे पंचांशी बोलायला फक्त कर्णधारानं जायचं. हे २०२४ च्या युरो स्पर्धेतही राबवलं गेलं. दुसरी, पिवळं कार्ड मिळालं की पाच मिनिटं बाहेर. फुटबॉलच्या नियमांत २०१७ पासून तळागाळातल्या, मुलांच्या, ज्येष्ठांच्या आणि दिव्यांगांच्या सामन्यांना अशी तात्पुरती हकालपट्टी करायची मुभा आहे, सामन्याच्या वेळेच्या १० ते १५ टक्के. हौशी खेळाला ही शिक्षा फार चांगली लागू पडते. नुसतं कार्ड दाखवून काही होत नाही आणि लाल कार्ड दिलं की माणूस पेठेत तोंड लपवतो किंवा दुश्मनी धरतो. पाच मिनिटं मात्र आपला संघ आठ जणांत कसा पळतोय ते बघत बसावं लागतं, सोबती कावलेले असतात, आणि परत आत जायची वाट मोकळी असते. त्या सकाळी चौघं बाहेर बसले. परत आल्यावर चौघांपैकी एकालाही दुसरं कार्ड लागलं नाही.

पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती लाइन्समनची गोष्ट. ऑफसाइड, म्हणजे पास होताना पुढचा खेळाडू बचाव करणाऱ्यांच्या पलीकडं जाऊन उभा नसावा हा नियम, काढून टाकावा असं काही जणांचं म्हणणं होतं. मी हट्टानं ठेवला, कारण गॅलरीतली निम्मी भांडणं ऑफसाइडची असतात. लाइन्समन दोन्ही तालमींचा एकेक, आणि तोही यादीतला नाही, गॅलरीत ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा तो. शिवाय प्रत्येकानं आपलाच संघ जिकडं चाल करतो ती बाजू सांभाळायची. हाफ टाइमला संघांसोबत त्यांचीही बाजू बदलायची.

खालच्या तालमीचा जो पोरगा निवडला, त्याची "ऑफसाइड!" ही आरोळी हलगीच्या वर ऐकू जाते. सामन्याआधी मी त्याला रेषेवरून दोनदा फिरवलं. समजावलं की बॉलकडं बघायचं नाही, बचाव करणाऱ्यांत शेवटून दुसरा जो असेल त्याच्या सरळीत राहायचं. बहुतेक वेळा शेवटचा गोलकीपर असतो, म्हणजे शेवटच्या बचावपटूच्या सरळीत. आणि बॉल पास झाला त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठं होता ते धरायचं, बॉल मिळाला तेव्हा कुठं होता ते नाही. दोन पावलं मागं राहिलास तर तिरकं दिसतं, आणि तिरक्या नजरेला सरळीतला माणूस पुढं गेलेला वाटतो. तो "व्हय, व्हय" म्हणाला.

दुसऱ्या हाफच्या शेवटी शेवटी वरची तालीम २–१ नं पुढं होती. खालच्या तालमीनं मधून लांब पास मारला, त्यांचा पोरगा पळाला, गोल झाला. हलगी वाजली. वरच्या तालमीची माणसं वळून लाइन्समनकडं बघायला लागली. झेंडा खाली होता. पंच त्याच्याकडं गेले. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, मला दिसलंच न्हाई. मी बॉलकडं बघत हुतो."

पंचांनी स्वतः काही बघितलेलं नव्हतं, झेंडा वर नव्हता, गोल धरला. वरच्या तालमीचा कर्णधार पुढं आला, एकटाच. म्हणाला, "न्हाई दिसलं म्हणतोय त्यो. मग गोल कसा काय?" पंच म्हणाले, "न्हाई दिसलं तर ऑफसाइड देता येत न्हाई." कर्णधार क्षणभर त्या पोराकडं बघत राहिला, मग मागं वळून हात वर करून आपल्या माणसांना सेंटरकडं चला म्हणाला. २–२ वर सामना संपला.

त्या गोलवर दोन्ही पेठांत आठवडाभर चर्चा झाली, पण पंच विकला गेला असं कुणीही म्हटलं नाही. समोर उभा असलेला पोरगा सगळ्यांच्या ओळखीचा, त्याच्या तोंडून आलेलं कारण सगळ्यांना कळणारं. पुढच्या हंगामात मी त्याला शाहू स्टेडियमवर बघितलं. त्यानं गॅलरीतली जागा बदलली होती, मधून उठून पेनल्टी बॉक्सच्या रेषेच्या सरळीत जाऊन बसला होता. शेजारच्यानं ऑफसाइडसाठी बोंब मारली तर त्याला दाबायचा, "हितनं मला दिसतंय. तू कुठं बगतोयस?" आवाज तेवढाच मोठा.

जे सुटलं नाही

सामना झाला म्हणून सगळं मिटलं असं मी सांगणार नाही. यादीसाठी वयाची अट १८ पूर्ण अशी होती, विमा आणि जबाबदारीच्या दृष्टीनं ती ठेवावीच लागली. पण त्या टायब्रेकरच्या संध्याकाळी पुढं असलेल्यांत पंधरा-सोळा-सतरा वर्षांची पोरं बरीच होती, आणि स्टेटसचं युद्ध तर बहुतांशी त्यांचंच. त्यांतली काही बॉल आणून द्यायला घेतली, बाकीची कुंपणाबाहेर राहिली. समर्थकांच्या सामन्याच्याच रात्री एका काकांचं मैदानात घसरून पडणं गाणं लावून स्टेटसवर फिरलं. उत्तरादाखल दुसरीकडूनही एक फिरलं. फरक इतकाच की या वेळी दोन्ही कर्णधारांकडं एकमेकांचे नंबर होते. जेवणाच्या आत दोन्ही स्टेटस उतरले. या वयाच्या पोरांसाठी वेगळा सामना घ्यायला हवा, त्यातही याद्यांची अदलाबदल हवी, हे मी बैठकीत मांडलं आहे. शाळांची परवानगी आणि पालकांची सही यावर ते अडकलं आहे.

मुलींचंही तसंच. गॅलरीत येणाऱ्या मुली वाढल्यात, मुलींचे संघही कोल्हापुरात खेळतात, पण दोन्ही याद्यांत एकही नाव नव्हतं. कुणी विरोध केला नाही आणि कुणी विचारलंही नाही. हे मला बोचतं.

पुढच्या हंगामात या दोन संघांची गाठ पडली तेव्हा ओरडा तितकाच होता, टोमणे तितकेच. सामन्यानंतर गेटवर ढकलाढकली सुरू झाली. तिथं पहिला मध्ये पडला तो किराणा दुकानदार. त्यानं वरच्या तालमीच्या दोघांना नावानं हाक मारली, नावं त्याला आता माहीत होती. पोलीस यायच्या आत दोन्ही गट दोन रस्त्यांनी गेले. एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. पोलीस भरतीवाल्या पोराची केस अजून चालूच आहे, वयाची मर्यादा जवळ येत चालली आहे, आणि या सामन्यानं त्याला काही मिळालेलं नाही.

यंदाच्या याद्या गेल्या आठवड्यात बदलून झाल्या. दुकानदाराचं नाव या वेळी कुणी खोडलं नाही. वरच्या तालमीच्या विंगरचं मात्र खोडलं. दोन गोल झाले, आता उपकार फिटले, असं खालच्या तालमीचं म्हणणं, आणि हे वरच्यांनीही हसत मान्य केलं. खोडायची नावं चाराची पाच करावीत अशी दोन्हीकडून मागणी आहे. वस्ताद नको म्हणतात, सर हो म्हणतात. त्यावर येत्या रविवारी बसायचं ठरलं आहे.